अकरा वायफाय आणि एक शिडी

"त्याच्याशी भांडू नकोस," दर्शनाने मला सांगितलं होतं.

दर्शना आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला असते. आलेल्या माणसाचा पास बनवता बनवता ती त्याचा स्वभाव ओळखते, आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखते.

"खरंच सांगते, श्रुतिका. तू भांडायला लागलीस की तुझे डोळे मोठे होतात, नाक लाल होतं. आणि तो माणूस ना... बघणारा आहे."

"बघू दे. बघून काय करणार आहे?" असं म्हणून मी जिना चढायला लागले. लिफ्टसाठी थांबण्याइतका दम मला नव्हता. माझं नाक कसं दिसतं याचा विचार करण्याइतका तर नव्हताच. वरच्या मजल्यावर बसलेल्या कुणा अनोळखी माणसाने माझी मुलगी बंद केली होती.

म्हणजे काय, ते सांगते. अंधेरीत, मरोळला, आमची विमा दाव्यांची कंपनी आहे. सात मजले. या सातही मजल्यांवर हवेतून जे काही धावतं ते वायफाय माझ्या जबाबदारीत. आणि तळमजल्यावर कंपनीचं पाळणाघर. तिथे माझी मीरा असते. तीन वर्षांची, डाव्या गालाला खळी, उजव्या हाताला सतत काहीतरी चिकट लागलेलं. पाळणाघरात एक कॅमेरा आहे, त्याचं चित्र वायफायवरून पालकांच्या फोनवर येतं. त्या पाळणाघरासाठीच मी ही नोकरी धरली. भांडुपहून इथवर रोज बसने तिला मांडीवर घेऊन येते. दीड वर्षाची असताना एकदा तापात तिने डोळे फिरवले होते, दातखीळ बसली होती. डॉक्टर म्हणाले, मुलांना होतं असं, मोठी झाली की जाईल. जाईल तेव्हा जाईल. तोवर मी बघत राहणार होते.

आणि त्या सकाळी बघता बघता स्क्रीन काळी झाली.

तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगत एक घडीची शिडी उभी होती. शिडीवर मळके बूट, बुटांच्या वर जीन्स, आणि जीन्सच्या वर... काहीच नाही. बाकीचा माणूस छतात होता. छताची एक चौकोनी फळी काढून त्याने स्वतःला कमरेपर्यंत आत घातलं होतं.

"ओ!" मी बुटांना म्हणाले.

"ओ नाही, देवदत्त," छतातून उत्तर आलं.

"नाव नको मला. तळमजल्याचं नेटवर्क कोणी बंद केलं?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"तुमच्या श्रुतिका मॅडमना मेल टाकलाय. त्यांनी उत्तर नाही दिलं. चिडक्या आहेत म्हणे फार."

"कोण म्हणे?"

"अजून तरी सगळेच म्हणालेत."

"मीच श्रुतिका."

छतातून एक स्क्रू टपकन माझ्या चपलेजवळ पडला. मग हळूहळू उरलेला माणूस खाली आला — केसांत जळमट, पापण्यांवर पांढरी भुकटी, आणि अजिबात न ओशाळलेले डोळे.

"मग... मेल पाहिलात का?" त्याने विचारलं.

सॉरी नाही, काही नाही! मेल पाहिलात का!

"चालू करा."

"दोन मिनिटं..."

"आत्ता."

त्याने वर न बघताच हात छतात घातला. नजर माझ्यावरच. माझ्या हातातली स्क्रीन उजळली. मीरा ठोकळ्यांवर ठोकळे रचत होती, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. मी श्वास सोडला. आणि मी श्वास सोडला हे त्याने पाहिलं, हे मी पाहिलं.

दर्शना बरोबर होती. त्यामुळे मला आणखीच राग आला.

*

दुपारी मीटिंगमध्ये कळलं की हा माणूस सल्लागार आहे. आमचं वायफाय सुधारायला त्याला बोलावलंय, आणि बोलावलंय सर्वेशने, जो आमच्या प्रशासनाचा प्रमुख आहे. मला न विचारता. वायफाय माझं, आणि मला पत्ता नाही!

"अकरा नेटवर्कं आहेत तुमच्याकडे," देवदत्त म्हणाला. "सात मजल्यांना अकरा."

होतीच. प्रत्येक मी माझ्या हाताने बनवलं होतं, आणि प्रत्येकामागे कुणा ना कुणा साहेबाचा हट्ट होता. कर्मचाऱ्यांचं एक. पाहुण्यांचं एक. डायरेक्टरांना कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कवर बसायला कमीपणा, म्हणून त्यांचं एक. डायरेक्टरांना मिळालं म्हणून सेल्सला एक. सेल्सला मिळालं म्हणून ट्रेनिंगवाले रुसले. प्रिंटरांचं वेगळं, ड्रायव्हरांचं वेगळं, कँटीनचं वेगळं. एक तर इतकं जुनं की ते कोण वापरतं हेच कुणाला ठाऊक नाही, पण बंद करायची कुणाची छाती नाही. नाही म्हटलं की वरून फोन यायचा. "अगं, एक नावच तर वाढवायचंय!"

"समजा, एका वर्गात अकरा मुलं उभी आहेत," देवदत्त सर्वेशला समजावत होता. "आणि प्रत्येक जण सारखा ओरडतोय — मी इथे आहे, मी इथे आहे. छताला लावलेला तुमचा प्रत्येक वायफायचा डबा ही अकरा नावं सारखी पुकारत असतो. सेकंदाला कितीतरी वेळा. शेजारचा डबाही तेच करतो. सगळा वेळ नाव सांगण्यातच जातो हो. मुद्द्याचं कधी बोलणार?"

"वा! किती सोप्पं करून सांगितलंत!" सर्वेश म्हणाला.

माझी कानशिलं गरम झाली. हेच, अगदी हेच, मी दोन वर्षांपूर्वी सर्वेशला सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "बघू." बाईने सांगितलं की बघू, आणि बाहेरून आलेल्या पुरुषाने सांगितलं की वा!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात देवदत्त म्हणाला, "माझं नाही सर, हे मॅडमचंच आहे. त्यांचा जुना रिपोर्ट तुमच्याच फाइलमध्ये होता. मी फक्त वाचला. तुम्ही पण वाचा, छान लिहिलाय."

सर्वेशने पाण्याचा ग्लास उचलला. मी देवदत्तकडे रागाने पाहिलं, कारण दुसरं कसं बघायचं ते मला त्या क्षणी सुचेना.

अकराची चार करायची ठरली. सगळ्यांनी एकाच दारातून आत यायचं. ज्याचं जसं ओळखपत्र तसा त्याचा आतला रस्ता आपोआप वेगळा होईल. डायरेक्टरांची खोली सुरक्षितच राहील, फक्त दारावरची वेगळी पाटी जाईल. पाटी जाण्याचंच दुःख मोठं होतं, त्यावर पुढे चार दिवस मेलामेली झाली.

"आणि पाळणाघराचं?" मी विचारलं.

"तेही जाणार. त्या कॅमेऱ्याला वायर द्या. जी वस्तू जागची हलत नाही तिला हवेत कशाला सोडायचं?"

"वायर नाही चालणार," सर्वेश घाईने म्हणाला. "त्या भिंतीवर आत्ताच जिराफ रंगवून घेतलाय. खास आर्टिस्ट आणला होता. उद्घाटनाचे फोटो वेबसाइटवर आहेत. ड्रिल नाही मारू देणार मी तिथे."

"मग पाळणाघराचं नेटवर्क राहील," मी म्हणाले. "हवी तर बाकीची दहा काढा. ते मी काढू देणार नाही."

देवदत्त काहीतरी बोलणार होता. त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि वही मिटली.

*

पुढचे दिवस आम्ही दोघं चालत होतो. मोजणी अशीच करतात. लॅपटॉप हातावर धरून प्रत्येक मजल्यावर गल्लीगल्लीतून सावकाश फिरायचं. सिग्नल चांगला तिथे नकाशा हिरवा होतो, वाईट तिथे लाल. ऑफिसातले लोक माना वर करून बघायचे. बाहेर ऑक्टोबरचं ऊन काचांवर आदळत असायचं, आत एसीखाली माझी बोटं गार पडायची.

"हळू चाला ना. मोजणी आहे, शर्यत नाही."

"मला दोनच वेग येतात."

"एक हा. दुसरा कोणता?"

"थांबणं."

"मग थांबा जरा. इथे सिग्नल मस्त आहे."

मी त्याच्या लॅपटॉपवर नजर टाकली. "इथे? इथे तर सगळं लालभडक दाखवतंय."

"...हो का?" तो लॅपटॉपवर वाकला. त्याचे कान नकाशाच्याच रंगाचे झाले होते.

मी तोंड फिरवलं. हसू आलेलं रागावलेल्या बाईला परवडत नाही.

तळमजल्यावर गेलो की तो पाळणाघराच्या दाराशी बूट काढायचा, कुणी न सांगता. शेवंतीताई तिथल्या प्रमुख. चाळीस वर्षं मुलं सांभाळतायत, आणि त्यांना सहसा कुणी पुरुष पसंत पडत नाही. त्याही त्याला "ये रे बाबा" म्हणायला लागल्या. मीराने तर पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं.

"शिडीकाका, तुझी शिडी कुठाय?"

"झोपलीय."

"तिला ताप आला?"

"नाही गं. दमली ती."

"मग तिला थोपट," मीराने हुकूम सोडला. आणि तो दारातल्या शिडीला खरोखर थोपटून आला, गंभीर चेहऱ्याने.

एका संध्याकाळी आमच्या बसमध्ये तो चढला. काखेत हेल्मेट.

"शिडीकाका!" मीरा माझ्या मांडीवरून ओरडली. अख्खी बस वळली.

"हेल्मेट घेऊन बसमध्ये बसतात का मुलुंडचे लोक?" मी विचारलं. तो मुलुंडचा हे मला ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते विचारू नका.

"गाडी पंक्चर आहे."

दुसऱ्या दिवशीही तो बसमध्ये. हेल्मेटसकट.

"आज?"

"पंक्चर."

तिसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मागचं की पुढचं? की स्टेपनी? किती चाकं आहेत हो तुमच्या गाडीला?"

तो हसला. जोरात नाही — खाली बघून, हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत. बस आरेच्या कडेने जात होती. खिडकीतून झाडांचा गारवा आला, ओल्या पालापाचोळ्याचा वास आला. मीरा माझ्या खांद्यावर झोपून गेली आणि तिचा लोंबकळणारा पाय त्याने न बोलता सरळ करून सीटवर ठेवला. इतकंच. कुणी पाहिलंही नसेल. मी पाहिलं.

मला वाटलं... जाऊ दे, काय वाटलं ते. कारण दुसऱ्याच दिवशी त्याने वाट लावली.

आम्ही कँटीनमध्ये जेवत होतो. माझा फोन नेहमीसारखा डब्याला टेकवून उभा. मीरा वरणभात खात होती, मी भेंडी खात होते.

"जेवताना तरी खाली ठेवा तो," देवदत्त म्हणाला. "तुम्ही मुलीकडे बघत नाही, श्रुतिका. चित्राकडे बघता. त्या नेटवर्कचा भरवसा नाही, मी आठवडाभर मोजतोय. त्याच्या भोवती लॉबीतल्या सगळ्या पाहुण्यांची गर्दी असते. आणि तुम्ही तर त्याला चिकटूनच..."

"बास."

"मी फक्त..."

"हे सगळं मी घरी ऐकून बसलेय. 'तुझी काळजी हा आजार आहे, श्रुतिका. डॉक्टरला दाखव.' असं म्हणून रात्री कूस बदलायचा तो आणि घोरायचा. हर्षद. नवरा होता. आता नाही. त्याच्या घोरण्याच्या आवाजात मी पोरीचा श्वास ऐकत बसलेली असायचे, समजलं? तुम्हाला कुणी शिकवलं हे बोलायला? सगळ्या पुरुषांना एकच पुस्तक देतात का वाचायला?"

मी डबा तसाच सोडून उठले. भेंडी चांगली झाली होती, त्याचाही राग आला.

त्यानंतर आम्ही फक्त मेलवर बोललो. मी लिहायचे, "श्री. देवदत्त यांस, पाचव्या मजल्याचा नकाशा जोडला आहे." तो लिहायचा, "मिळाला. आभार." संध्याकाळी बसमध्ये तो मागच्या सीटवर बसायचा, हेल्मेट मांडीवर. पंक्चर अजून निघालं नव्हतं.

*

ज्या दिवशी एजंटांचा मेळावा होता, त्या दिवशी लॉबीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेकड्यांनी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. मी सहाव्या मजल्यावर, सर्व्हर रूमच्या बाहेर उभी राहून एका हाताने लॅपटॉपवर जुनी नेटवर्कं एकेक करून उतरवत होते. सेल्सचं गेलं. ट्रेनिंगचं गेलं. त्या कुणाच्याही नसलेल्या नेटवर्कचंही नाव पुसलं आणि आकाश कोसळलं नाही. दुसऱ्या हातात फोन होता. त्यात मीरा झोपलेली, कुशीवर, पिवळी चादर पायाशी ढकललेली. बराच वेळ झोपलीय आज, मला वाटलं. बरंच झालं.

फोन वाजला. देवदत्त. मी कापला. पुन्हा वाजला.

"मेल करा," मी म्हणाले.

"खाली ये."

"मी कामात..."

"श्रुतिका, खाली ये. मीराला ताप आलाय."

"काहीतरीच काय! मी बघतेय ना तिला, ती झोप..."

"ती झोपलेली नाही." त्याचा आवाज फाटला होता. मागे एक मूल रडत होतं. तो आवाज मी हजार मुलांत ओळखला असता. "ती माझ्या खांद्यावर आहे. शेवंतीताई पट्ट्या ठेवतायत. इंटरकॉम लावला त्यांनी, तू जागेवर नव्हतीस. ये तू आधी."

मी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर मीरा शांत झोपली होती. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा हलत नव्हता.

सहा मजले मी कशी उतरले ते मला माहीत नाही. लॉबीतल्या माणसांना मी कोपरांनी बाजूला सारलं. कुणीतरी शिवी दिली, मीही दिली.

मीरा त्याच्या खांद्यावर होती. अंग विस्तवासारखं, डोळे पाण्याने भरलेले, पण डोळे जागेवर होते. मी आधी डोळे पाहिले. मग तिचा जबडा. मग मी तिला ओढून घेतलं.

"आई, मी तुला हाका मारल्या," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात मारल्या."

माझ्या मुठीत फोन अजून तसाच होता. त्यात एक मीरा निवांत झोपलेली आणि माझ्या छातीशी एक मीरा भाजत असलेली. तो फोन मी भिंतीवर फेकला. फुटला नाही मेला.

ऑफिसमागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी औषध पाजलं, पट्ट्या चालू ठेवायला सांगितल्या. झटका आला नाही. हळूहळू ताप उतरला आणि मीरा बिस्किट मागायला लागली. बिस्किट तिच्या हातात दिलं आणि मी देवदत्तवर तुटून पडले.

"तू पाडलंस नेटवर्क! तुझी ती चार नेटवर्कं..."

"मी नाही पाडलं! ते पडलेलंच होतं! गर्दीत कॅमेऱ्याला बोलायला जागा मिळाली नाही की ॲप शेवटचं चित्र तसंच धरून ठेवतं, आणि तुला वाटतं सगळं ठीक आहे. हेच सांगत होतो मी त्या दिवशी!"

"ओरडू नकोस माझ्यावर!"

"ओरडणार! ती इथे हाका मारत होती, आणि तू वर... शांत! तू, जी कधी शांत नसतेस! मला काय वाटलं असेल? मी तिला उचललं तर ती इतकी गरम होती, श्रुतिका, मला वाटलं..."

तो पाठ फिरवून उभा राहिला. त्याच्या मुठीत मीराचे दोन्ही मोजे होते, घट्ट आवळलेले. पट्ट्या ठेवताना काढले असतील, खाली ठेवायचं सुचलं नसेल.

मी ते मोजे बघत राहिले. माझ्या काळजीला ज्याने आजार म्हटलं होतं त्याचे हात मला आठवले — नेहमी उशीखाली, गरम, कोरडे. हे हात मोजे सोडायला तयार नव्हते. या माणसाला माझाच आजार झाला होता. कुठून लागला, माझ्याकडून की मीराकडून, कोण जाणे.

*

सोमवारी सर्वेश म्हणाला, "पण कॅमेरा चालू होता ना? स्क्रीनवर मूल दिसत होतं ना? मग टेक्निकली सिस्टीम फेल नाही म्हणता येणार."

मी शांतपणे उठले. खोलीतले सगळे मागे सरकले, कारण मी शांत होते.

"तुमचं मूल असतं तर टेक्निकली काय म्हणाला असतात?" मी म्हणाले. "मला ड्रिल हवंय. आत्ता."

"जिराफ..."

"जिराफाला मी विचारते. तुम्ही बाजूला व्हा."

मुलं दुपारी बागेत गेली होती. देवदत्तने शिडी आणली, पायाशी दोन्ही हातांनी धरली आणि मी वर चढले. भोक अगदी जिराफाच्या मानेतून काढावं लागत होतं, तिथेच मागे वायरचा पाइप होता. मी ड्रिल सुरू केलं. रंगाची पिवळी भुकटी केसांवर, पापण्यांवर उडू लागली. भिंत थरथरत होती, शिडी थरथरत होती, माझा सगळा राग त्या मानेत शिरत होता. हर्षदचा. सर्वेशचा. "एक नावच तर" म्हणणाऱ्या सगळ्यांचा. आणि त्या स्क्रीनकडे बघून "बरंच झालं" म्हणणाऱ्या माझाही.

खालून तो काहीतरी म्हणाला.

"काय?" मी ड्रिल थांबवलं.

"काही नाही."

"ड्रिल बंद केलंय मी. बोल आता."

"...तू चालू कर. चालू असताना बरं बोलता येतं."

"देवदत्त."

त्याने वर पाहिलं. मी खाली पाहिलं. पहिल्या दिवशी उलट होतं, भुकटीसकट.

"मला तुझा राग येतो," तो म्हणाला. अगदी खरोखर रागाने म्हणाला. "भयंकर येतो. घरी जातो, जेवतो, आणि राग येतो. रविवारी तर जास्तच येतो, कारण भांडायला तू नसतेस. इथलं काम या आठवड्यात संपतंय. पुढचं काम नाशिकला आहे. मी नाही जायचं म्हणतोय. म्हणजे... जावं लागलं तर परत येईन रोज. गाडीने. गाडीला काही झालेलं नाहीये."

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बस बरी वाटत होती," मी म्हणाले. "हे बघ. मी झोपेतून उठून उठून पोरीला बघते. श्वास ऐकते. नाकाशी बोट धरते. हे जाणार नाही. मी बदलणार नाही. आणि कुणी त्याला आजार म्हटलेलं पुन्हा ऐकून घेणार नाही."

"मी तरी कुठे बरा आहे?" तो म्हणाला. "शनिवारी तुझ्या बिल्डिंगखाली येऊन गेलो मी. वर यायचं धाडस नाही झालं. खिडकीत तिचा त्या दिवशीचा लाल फ्रॉक वाळत होता. म्हटलं, फ्रॉक धुतलाय म्हणजे ताप उतरला असेल."

ड्रिल माझ्या हातात जड झालं. मी एक पायरी उतरले. मग आणखी एक. त्याने शिडी सोडली नाही, म्हणून मी त्याच्या दोन हातांच्या मधोमध येऊन थांबले. त्याच्या शर्टाला सिमेंटचा, घामाचा वास होता. नाक लाल झालं होतं माझं, मला कळत होतं. मी ते झाकलं नाही.

"वर ये पुढच्या वेळी," मी म्हणाले. "खाली उभा राहून फ्रॉक काय बघतोस? मूर्ख."

"येऊ?"

"ये म्हणतेय ना! एकदा सांगितलेलं कळत नाही तुला?"

तो आला. पुढच्या रविवारी, पेढे घेऊन, हेल्मेटसकट. माझ्या आईने त्याला माशाचं जेवण वाढलं, आम्हा दोघांना कोकमावरून भांडताना ऐकलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला मालवणीत म्हणाली, "भांडान भांडान घोव गावलो गो तुका!" म्हणजे, भांडून भांडून नवरा गवसला मला.

आता आम्ही तिघं मुलुंडला राहतो. अजून भांडतो. काल पंख्याच्या वेगावरून भांडलो. ऑफिसात चार नेटवर्कं नीट चालतात, कॅमेरा वायरवर आहे, चित्र अडकत नाही. तरी मी दुपारी एकदा जिना उतरून खाली जातेच. सर्वेश म्हणतो, आता कशाला? मी त्याला उत्तर देत नाही. तेवढा वेळ नसतो.

आत्ता रविवारची दुपार आहे. दोघं आतल्या खोलीत झोपलेत. बराच वेळ झाला, आवाज नाही. मी उठून बघून येते. तुमच्याकडेही कुणीतरी असेल — शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, दुसऱ्या गावात — ज्याचा फोटो सकाळी पाहिलात आणि ठीक आहे म्हणून पुढे सरकलात. हा फोन खाली ठेवा. लांब असेल तर आवाज ऐका. जवळ असेल तर उठा, जा, आणि कपाळाला हात लावून बघा.